माहीमरातब : हत्तीवरचा मासा आणि आपला ‘मानमरातब’

(दिंद्रुड, जि. बीड येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय म्हणजे एकच शब्द आहे. माहीमरातब. पेशवाईतले कागद चाळणाऱ्यांना किंवा बखरी वाचणाऱ्यांना हा शब्द मधूनच भेटतो. अमक्या सरदाराला बादशहाकडून माहीमरातब मिळाला, असं वाक्य असतं. आपण वाचतो, काहीतरी मोठा मान असेल असं समजतो आणि पान उलटतो. पण हा नेमका कसला मान? तो डोक्यावर घालायचा, हातात धरायचा की कागदावर लिहून मिळायचा? आणि त्यातलं ‘माही’ म्हणजे काय? तासाभरात एवढंच उलगडायचं आहे. शेवटी आपण आपल्या गावातल्या मानापानापर्यंत येऊन थांबू, कारण हा शब्द अर्धा का होईना, आपल्या तोंडात अजून जिवंत आहे.

‘माही’ म्हणजे महिना नव्हे

पहिल्यांदा ‘माही’ घेऊ. शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो पटकन सांगेल, सहामाही परीक्षेतली माही. तिमाही, सहामाही हे शब्द आपण रोज वापरतो. ती माही फारसीतल्या ‘माह’पासून आली. माह म्हणजे चंद्र, आणि चंद्रावरून मोजायचा तो महिना. हे बरोबरच आहे, पण आपल्या शब्दातली माही ही नव्हे. कुणी संस्कृतकडे जाऊन ‘मही’ म्हणजे पृथ्वी असंही म्हणेल, म्हणजे पृथ्वीवरचा मान. ऐकायला छान वाटतं, पण तेही नव्हे.

फारसीत ‘माही’ हा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ मासा. उर्दूत कोळ्याला माहीगीर म्हणतात, म्हणजे मासे धरणारा. माहीमरातब मधली माही ही. म्हणजे नदीतला साधा मासा.

आता मासा आणि सरदाराचा मान यांचा संबंध काय? तर हा मासा खरोखरच होता. धातूचा केलेला, सोन्याचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेला, लांब काठीच्या टोकावर आडवा बसवलेला. त्याच्या जोडीला काठ्यांवर बसवलेले धातूचे दोन गोळे. हे सगळं हत्तीवर धरून मिरवणुकीत न्यायचं. लांबून नुसता मासा दिसला तरी लोकांना कळायचं की येणारा माणूस बादशहाच्या दरबारातला अगदी वरच्या दर्जाचा आहे. मोगलांकडे हा मान कुणाही शिपाईगड्याला मिळत नसे. मोजक्या बड्या मनसबदारांना आणि राजेरजवाड्यांनाच तो दिला जाई.

दोन गोळे कशाला?

यामागे एक कथा सांगतात. कर्नल स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात ती दिली आहे. इराणचा राजा खुस्रो परवेझ. सेनापती बहराम त्याच्यावर उलटला आणि खुस्रोला देश सोडून पळावं लागलं. मग रोमच्या बादशहाच्या फौजेच्या मदतीने त्याने इ. स. ५९१ मध्ये गादी परत मिळवली. इथपर्यंत इतिहास आहे. पुढची कथा. गादीवर बसला त्या वेळी चंद्र मीन राशीत होता, असं ज्योतिष्यांनी सांगितलं. मीन म्हणजे मासा. म्हणून त्याने पोलादाचे दोन चकचकीत गोळे करवले, त्यांना नाव दिलं कौकब, आणि दोहोंच्या मध्ये सोन्याचा मासा ठेवला. मिरवणुकीत राजाच्या मागे आणि वजिराच्या पुढे, अशी या चिन्हांची जागा ठरवून दिली.

ही दरबारात सांगितली जाणारी कथा म्हणूनच घ्यायची. पण तिच्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती म्हणजे चिन्हाची जागा. राजा पुढे, त्याच्या मागे मासा, त्याच्या मागे वजीर. कोण कुणाच्या पुढे आणि कोण कुणाच्या मागे, हे मासा सांगतो. आता शब्दाचा दुसरा अर्धा भाग याच गोष्टीवर उभा आहे.

कौकब हा अरबी शब्द, अर्थ तारा किंवा ग्रह. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त राजचिन्हांची यादी दिली आहे, तिच्यात कौकबा आहे, छत्र आहे, अलम आहे आणि आफताबगीर आहे. आफताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा. ऊन अडवणारं ते आफताबगीर. हा शब्द मराठीत येताना काय झाला? अब्दागीर. देवाच्या पालखीबरोबर आपण जी अब्दागिरी धरतो ना, तीच ही. आणि अलम? मोहरमच्या सवाऱ्या मराठवाड्यातल्या किती गावांत बसतात, आणि त्यांत हिंदूंची घरंही असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथे अलम हा शब्द कानावर पडतोच. अलम म्हणजे निशाण. नगारा, नौबत, निशाण हे सगळे शब्द असेच दरबारातून आले आणि देवळात, दर्ग्यात, वेशीत राहिले. राजे गेले, पण त्यांची चिन्हं देवांनी सांभाळली. फक्त मासा तेवढा आपल्याकडे देवाच्या मिरवणुकीत उतरला नाही. म्हणून तो आपल्याला अनोळखी.

मरातब आणि दुधाचा रतीब

आता ‘मरातब’. अरबीत ‘मर्तबा’ म्हणजे पायरी, दर्जा. त्याचं अनेकवचन ‘मरातिब’. म्हणजे मरातब या शब्दाचा मूळ अर्थ एक दर्जा असा नाही, तर दर्ज्यांची उतरंड. एकाखाली एक लावलेल्या पायऱ्या. माही-मरातिब म्हणजे मासा आणि दर्जे, माशाने दाखवले जाणारे दर्जे.

मराठीने मात्र हे अनेकवचन एकवचन करून टाकलं. आपण ‘त्याचा मरातब’ म्हणतो. यात मराठीचं काही चुकलं नाही, तिची ती सवयच आहे. अमीर या शब्दाचं अनेकवचन उमरा, पण आपण एकट्या माणसालाही उमराव म्हणतो. हाल याचं अनेकवचन अहवाल, आणि आपण म्हणतो ‘समितीने अहवाल सादर केला’. नवाब हा शब्दसुद्धा नायब याच्या अनेकवचनावरून आलेला. परक्या घरातून आलेल्या पाहुण्याला आपण आपल्या घरच्या रीतीने बसवतो, तसं हे आहे.

अरबी शब्द तीन अक्षरांच्या मुळातून वाढतात. मरातबचं मूळ र, त, ब. या मुळाचा अर्थ एका जागी पक्कं असणं, ठरलेलं असणं, रांगेत लावणं. याच मुळातून रुतबा आला. ‘त्याचा रुतबाच वेगळा’ असं आपण म्हणतो, तो. आणि अजून एक शब्द आला, जो तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. दुधाचा रतीब. अरबीत रातिब म्हणजे ठरवून दिलेलं, नेमून दिलेलं. रोज सकाळी ठरलेलं दूध ठरलेल्या घरी, तो रतीब. आणि दरबारात ठरलेली जागा ठरलेल्या माणसाला, तो मरातब. म्हशीच्या धारेचा शब्द आणि हत्तीवरच्या माशाचा शब्द, दोघे सख्खे भाऊ. एक गोठ्यात राहिला, एक दरबारात गेला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रतीब घालणारा असेल तरच रतीब चालतो. मरातबाचंही तेच. तो आपला आपण घेता येत नाही. कुणीतरी वर बसलेला लागतो, जो म्हणेल की तुझी जागा ही. म्हणजे मान घेतला की देणाऱ्याचं वरचेपण आपोआप कबूल होतं. माहीमरातबाची सगळी गोम इथे आहे. आणि ती सगळ्यांत स्पष्ट दिसते पुण्यात, १७९२ साली.

पुण्यात आलेला मासा

थोडी पार्श्वभूमी सांगतो. दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम. १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्लीत शिरून त्याचे डोळे काढले. बादशहा आंधळा झाला. महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेऊन त्याला परत गादीवर बसवलं. बादशहा महादजींच्या संरक्षणात जगत होता. या बादशहाने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिलं. वकील म्हणजे प्रतिनिधी, मुतलक म्हणजे पूर्ण, निर्बंध नसलेला. बादशहाच्या वतीने सगळा कारभार पाहणारा. आणि पेशव्यांच्या वतीने तो कारभार प्रत्यक्षात पाहणार महादजी.

ते फर्मान आणि खिलत घेऊन महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात आले. पेशवे होते सवाई माधवराव, वय अठरा वर्षं. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात या समारंभाचं तपशीलवार वर्णन केलं आहे. पुण्याजवळ खास तंबू उभारले. आत बादशहाच्या जागी एक तख्त ठेवलं, त्यावर फर्मान आणि खिलत. पेशव्यांनी त्या रिकाम्या तख्ताला तीन वेळा मुजरा केला आणि १०१ मोहरांचा नजराणा ठेवला. मग फर्मान वाचलं गेलं. वस्त्रं, दागिने, ढाल-तलवार, कलमदान, शिक्का, मोरपिसांचे पंखे, नालकी, पालखी, घोडा, हत्ती असं सगळं देण्यात आलं. शिवाय सहा हत्ती, त्यांवर बादशाही निशाण, दोन चंद्रकोरी, दोन तारे, आणि मासा व सूर्य ही मानचिन्हं. हाच आपला माहीमरातब.

चित्र डोळ्यांसमोर आणा. तख्तावर कुणी नाही. ज्याच्या नावाने मान द्यायचा तो आंधळा, दिल्लीत, दुसऱ्याच्या आधाराने बसलेला. मान घेणारा त्या वेळी हिंदुस्थानातल्या सगळ्यांत बलवान सत्तांपैकी एकीचा प्रमुख. आणि तरीसुद्धा वाकणारा हाच. बळ उतरणीला लागलं होतं, पण उतरंड कायम होती.

पुण्यातल्या लोकांना हे खुपलं नाही असं नाही. पेशवे कुणाचे? छत्रपतींचे. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची. मग त्याच पेशव्याने दिल्लीच्या बादशहाची वस्त्रं घ्यायची, तर वरचा कोण, सातारा की दिल्ली? नाना फडणवीसांचा विरोध होता, विशेषतः राजाला शोभतील असे किताब पेशव्याने घेण्याला. शेवटी साताऱ्याच्या महाराजांची रीतसर संमती आणली, तेव्हा समारंभ झाला. तरीही कित्येक मानकरी त्या बादशाही तंबूत शिरलेच नाहीत, असं ग्रँट डफ सांगतो. शब्द बघा, मानकरी. ज्यांचा मान साताऱ्याच्या गादीकडून आलेला, त्यांना दिल्लीच्या माशापुढे जाणं म्हणजे आपल्याच मानाचं मूळ सोडणं वाटलं. मला वाटतं, त्या दिवशी माहीमरातबाचा अर्थ सगळ्यांत नीट कुणाला कळला असेल तर तो बाहेर थांबलेल्या या लोकांना.

आणि महादजी? हा मासा पुण्यात आणणारा माणूस पेशव्यांच्या भेटीला गेला, तेव्हा सगळ्या सरदारांच्या खाली जाऊन बसला. बगलेतून नव्या जोड्यांचं गाठोडं काढलं, पेशव्यांच्या पायातले जोडे बदलून ते नवे ठेवले, आणि हेच आमच्या वडिलांचं काम, तेच माझं, असं सांगितलं. राणोजी शिंदे बाळाजी विश्वनाथाच्या मुलाकडे, बाजीरावाकडे, जोडे सांभाळायला होते अशी परंपरागत गोष्ट आहे, तिच्याकडे हा इशारा. दिल्लीच्या बादशहाला हाताशी ठेवणारा माणूस पुण्यात स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेत होता. यात नम्रता किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार वाद घालत आले आहेत. पण एक नक्की. खालची जागा आपण होऊन घेता येते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. वरची जागा मात्र कुणीतरी द्यावी लागते. महादजींना हा फरक पक्का ठाऊक होता.

मासा कुणाला वाचवतो?

आता आपल्या भागाकडे या. हैदराबादचा निजाम म्हणजे मुळात मोगल बादशहाचाच सुभेदार. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला बीड जिल्हा त्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे कागदावर बघितलं तर निजामही बादशहाचा माणूस, आणि १७९२ नंतर पेशवेही बादशहाचे वकील. दोघे एकाच उतरंडीतले. मग काय झालं? तीन वर्षांत, ११ मार्च १७९५ ला, पाटोद्याच्या पलीकडे जामखेड तालुक्यात खर्ड्याला दोघांची लढाई झाली. निजाम अली हरला. कुणी विचारलं नाही की आपण दोघे एकाच धन्याचे आहोत. मासा, सूर्य, चंद्र यांनी कुणाला अडवलं नाही.

आणखी आठ वर्षांनी, ११ सप्टेंबर १८०३ ला, इंग्रजांचा सेनापती लेक याने दिल्लीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बादशहा तोच, आंधळा शाह आलम. आता त्याला सांभाळणारे इंग्रज. बादशहाने काय केलं? लेकला किताब दिले आणि माशाचा मान दिला. गंमत अशी, की लेकसाहेबाने तो मान विलायतेला नेला. त्याच्या घराण्याच्या इंग्रजी कुलचिन्हात ‘मोगलांचा मासा’ जाऊन बसला. तिथल्या कुलचिन्हांच्या वर्णनात ‘उल्लम’ असा एक शब्द येतो, आणि तो वाचून इंग्रज वाचक बुचकळ्यात पडतो. आपण पडायचं कारण नाही. उल्लम म्हणजे आपल्या सवारीतला अलम.

म्हणजे तोच बादशहा, तोच मासा. आधी शिंद्यांच्या हातून पेशव्याला, मग शिंद्यांना हरवणाऱ्याला. देणाऱ्याकडे देण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं. फौज नाही, खजिना नाही, डोळेही नाहीत. फक्त मान देण्याचा हक्क उरला होता, आणि तो मान घ्यायला लोक तयार होते, तोवर तो बादशहा होता.

मासा आजही बघायचा असेल तर लखनऊला जा. अवधच्या नवाबांनी मासा आपलं चिन्हच केलं. तिथल्या जुन्या दरवाजांवर माशांच्या जोड्या आहेत. उत्तर प्रदेश सरकारच्या आजच्या राजमुद्रेतही दोन मासे आहेत.

मानमरातब कसा उरला

आपल्याकडे मासा राहिला नाही, पण मरातब राहिला. तो एकटा राहिला नाही, ‘मान’ या संस्कृत शब्दाचा हात धरून राहिला. मराठीची ही जुनी युक्ती आहे. बाहेरून आलेल्या शब्दाच्या शेजारी घरचा, त्याच अर्थाचा शब्द बसवायचा. कागदपत्र, धनदौलत, लाजशरम, रीतरिवाज, बाजारहाट. ज्याला एक कळत नाही त्याला दुसरा कळतो. मानमरातब हा तसाच जोडशब्द.

शब्द राहिला म्हणजे त्यातली उतरंडही राहिली. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून गावागावांत भांडणं झालेली आहेत. पालखीला खांदा आधी कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, लग्नात टोपी-टॉवेल आधी कुणाला. आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादम बघा. मुकादम हा शब्दसुद्धा अरबी, अर्थ ‘पुढे ठेवलेला’. पूर्वी गावच्या पाटलाला मोकदम म्हणत, आज टोळीच्या म्होरक्याला म्हणतात. म्हणजे पुढे कोण आणि मागे कोण, याचेच हे सगळे शब्द.

मी असं म्हणत नाही की मान वाईट. माणसाला मान लागतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तो मिळू दिला नाही, त्यांना तो किती लागतो हे वेगळं सांगायला नको. पण मान आणि मरातब यांत फरक आहे, आणि जोडशब्दामुळे तो झाकला जातो. मान माणसाला माणूस म्हणून देता येतो. तो सगळ्यांना दिला तरी संपत नाही. मरातब म्हणजे पायरी. एक वर चढला की दुसरा खाली राहतोच. सगळ्यांना वरची पायरी दिली तर पायरी उरतच नाही. पहिल्या बैलावरून भांडण होतं, ते मानाचं नसतं, मरातबाचं असतं. तेव्हा भांडणाआधी एवढंच विचारायचं, की ही पायरी मला कोण देतंय, आणि ती घेताना मी कुणाला वरचा म्हणून कबूल करतोय?

एक प्रश्न

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे : आपल्या पुराणात मत्स्यावतार आहे, दक्षिणेत पांड्य राजांचं चिन्ह मासा होतं, मग माहीमरातब आपलाच नाही का?

प्रश्न चांगला आहे. मासा शुभ मानणं जगात पुष्कळ ठिकाणी आहे. मदुरेच्या पांड्यांचं चिन्ह मासा होतं, हे खरंच. पण चिन्ह सारखं म्हणून शब्द एक होत नाही. शब्दाचं मूळ शोधताना तो कुठल्या भाषेच्या नियमाने तयार झाला ते बघायचं. माही फारसी, मरातिब अरबी, दोन्ही जोडण्याची पद्धत फारसी दरबाराची, आणि चिन्ह दिलं जायचं मोगल बादशहाकडून. एवढं सगळं एका दिशेला बोट दाखवत असताना नुसत्या माशावरून दुसरीकडे जायचं नाही. आपल्या लोकांना हा मासा परका वाटला नाही, त्याला मात्र मत्स्यावताराची ओळख उपयोगी पडली असेल, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ‘आपला’ म्हणाल, तर मानमरातब आपलाच आहे. तीनशे वर्षं आपण तो बोलतोय. शब्द वापरणाऱ्याचा होतो, फक्त वापरताना त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक असावं. थांबतो.